सात रंगांचं लग्न, आणि तरी डोळ्यांना गारवा – हे कसं जमतं?

जास्वंदी

मैत्रिणीच्या लग्नाला जाऊन आले त्याला तीन आठवडे झाले. पत्रिका अजून माझ्या टेबलावरच आहे, कपाटात टाकायला हात होत नाही. शेवटी धागाच काढला.

आधी पत्रिकेबद्दल. पाकीट दुधाळ रंगाचं, अगदी साधं. वर गडद निळ्या शाईत हाताने लिहिलेलं माझं नाव. झाप उचलली तर आत राणी रंगाचं अस्तर! ब्लाउजला असतं तसं, फक्त कागदाचं. आतलं घडीचं कार्डही दुधाळच, जाड, हाताला किंचित खरखरीत. पण त्याच्या कडा नारिंगी रंगवलेल्या. समोरून काही दिसत नाही, कार्ड जरा तिरकं धरलं की कडेने नारिंगी रेघ पेटते. अक्षरं कागदात दबलेली आहेत, डोळे मिटून बोट फिरवलं तरी ओळी मोजता येतात. आणि आतलं पातळ पान कार्डाला डिंकाने चिकटवलेलं नाही, घडीवर हळदी दोऱ्याने शिवलंय. बाहेरून दोन लांब टाके, मधोमध गाठ, गाठीची दोन टोकं मोकळी.

मग हॉल. राणी, नारिंगी, हळदी, पोपटी, मोरपंखी, जांभळा, गडद निळा. मोजले मी, सात. टेबलांना आकडे नव्हते, रंग होते. प्रत्येक टेबलावर एका रंगाची फुलं भरभरून आणि बाकीच्या रंगांची दोन-दोन, तीन-तीन. बसायच्या जागेवर नावाची चिठ्ठी, तीही त्याच रंगाच्या शाईत. दारात कोण कुठे बसणार याची मोठी पाटी होती, तिच्यावर नावांच्या प्रत्येक गटाच्या डोक्याशी रिबिनीचा एक तुकडा. छताला कागदी फुलांच्या माळा.

एवढे रंग एकत्र आले की एरवी माझं डोकं दुखतं. तिथून मात्र चार तास हलावंसं वाटलं नाही. हे नेमकं कशामुळे? यातलं ज्यांना कळतं त्यांनी सांगा. आणि तुम्ही कुठे असे बारकावे पाहिले असतील तर तेही लिहा.

पिंपळपान

कडेने पेटणारी पत्रिका! फोटो हवाच. तिरका.

टाचणी

जास्वंदी, काय सुंदर लिहिलंयस गं. मी सजावटीची कामं करते, त्यामुळे वाचताना डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं.

एक विचारते. टेबलांवरची कापडं कोणत्या रंगाची होती? खुर्च्या? पाटीची पार्श्वभूमी?

जास्वंदी

@टाचणीताई, आत्ता फोटो काढून पाहिले. टेबलावर न रंगवलेलं सुती कापड, दुधाळ. खुर्च्या लाकडी, तशाच ठेवलेल्या. पाटीसुद्धा दुधाळ कागदाची. अरे! हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

टाचणी

तिथेच निम्मं उत्तर आहे. तुला सात रंग आठवतात, पण हॉलमध्ये सगळ्यात जास्त जागा आठव्याने व्यापली होती, आणि तो तू मोजलाच नाहीस.

घराच्या सजावटीत साठ-तीस-दहा असा एक ठोकताळा आहे. साठ टक्के एक रंग, तीस दुसरा, दहा तिसरा. सात रंगांना तो जसाच्या तसा लागू होत नाही, पण तत्त्व तेच. डोळ्याला टेकायला जागा लागते. रंगीत लग्नं बिघडलेली मी पाहिली आहेत ती रंग जास्त म्हणून नाही. रंगीत कापड, त्यावर रंगीत रनर, त्यावर रंगीत फुलदाणी, त्यात रंगीत फुलं, आणि मागे रंगीत पडदा, असा थर चढत जातो म्हणून. टेकायला जागाच राहत नाही.

दुसरं म्हणजे प्रत्येक टेबलावर एक रंग जास्त आणि बाकीचे थोडे. सातही रंग सारख्या मापाने टाकले असते तर सगळी टेबलं सारखी दिसली असती आणि नजर कुठेच थांबली नसती. एकाला मान दिला की बाकीचे त्याच्या सोबतीला येतात. आणि तेच बाकीचे पुढच्या टेबलावर यजमान होतात, म्हणून सगळा हॉल एका घरचा वाटतो.

तिसरं, दिवे पिवळसर होते की पांढरे?

जास्वंदी

पिवळसर वाटले, पण फुलांवर जरा वेगळे होते का काय. जांभळी फुलं रात्रीसुद्धा जांभळीच दिसत होती, एवढं नक्की आठवतं.

टाचणी

मग कुणीतरी मन लावून काम केलंय. २७०० केल्व्हिनच्या (हे दिव्याच्या रंगाचं माप, आकडा वाढतो तसा प्रकाश पांढरा होतो) पिवळसर दिव्यात निळा प्रकाश कमी असतो. नारिंगी-हळदी त्यात उजळतात, पण जांभळा आणि गडद निळा मातकट होतात. मी अशा वेळी निळ्या-जांभळ्या टेबलांवर जरा पांढऱ्याकडे झुकणारा दिवा लावते, ३५०० ते ४००० च्या आसपास. दिव्याची रंग दाखवण्याची प्रत, म्हणजे सीआरआय, ९० च्या वर असेल तरच घेते. लोकांना कळत नाही काय केलंय, पण फुलं ताजी वाटतात.

रिबीन आणि कागद जुळवणाऱ्यांसाठी एक गोष्ट. दुकानाच्या ट्यूबलाइटमध्ये दोन वस्तू हुबेहूब एका रंगाच्या दिसतात आणि हॉलमध्ये एक हिरवट, एक तपकिरी. दोघींतली रंगद्रव्यं वेगळी असतात, त्यामुळे प्रकाश बदलला की जोडी फुटते. नमुने घेऊन उन्हात जा, मग संध्याकाळी हॉलमध्ये जा, मगच ऑर्डर द्या.

जुना_कंपोझिटर

पोरींनो, छान चाललंय. पत्रिकेबद्दल मी बोलतो. आयुष्य छापखान्यात गेलं.

जास्वंदी, तुझ्या पत्रिकेत छापलेला रंग फक्त एकच आहे, हे लक्षात आलं का? निळा. राणी रंग अस्तराचा, नारिंगी कडेचा, हळदी दोऱ्याचा. ज्याने ही पत्रिका आखली त्याला छपाई कळते.

अक्षरं दबली आहेत म्हणजे लेटरप्रेस, उठावाच्या अक्षरांना शाई लावून ती कागदावर दाबायची छपाई. त्यात प्रत्येक रंगाला यंत्रातून वेगळा फेरा द्यावा लागतो आणि दर फेऱ्याला कागद आधीच्याच जागी बसवावा लागतो. केसभर सरकला तरी दिसतं. चार रंग छापत बसण्यापेक्षा एक रंग उत्तम छापायचा आणि बाकीचे इतर वाटांनी आणायचे, ही शहाणी युक्ती आहे. लेटरप्रेसची शाई काहीशी पारदर्शक असते, म्हणून गडद कागदावर फिकी अक्षरं त्यात उठत नाहीत. त्याला फॉइल किंवा स्क्रीन प्रिंटिंग लागतं. इथे दुधाळ कागद आणि गडद शाई घेतली, तेही बरोबर.

एक गंमत सांगतो. आज तुम्ही ज्या दबलेल्या अक्षरांवर बोट फिरवता, तो आमच्याकडे दोष होता. मागच्या बाजूला ठसा उमटला तर बोलणी खावी लागत. शिशाचे खिळे, म्हणजे अक्षरांचे सुटे ठसे, झिजत आणि पाठपोट छपाईत मागची ओळ वाचवत नसे. शाईने कागदाला नुसतं शिवायचं, ही कारागिरी. आता बहुतेक ठिकाणी खिळ्यांऐवजी फोटोपॉलिमरची प्लेट असते, त्यामुळे मनसोक्त दाबतात. त्यासाठी कापसाच्या लगद्याचा मऊ कागद घेतात, ३०० ते ६०० जीएसएमचा, म्हणजे एका चौरस मीटरला तितके ग्रॅम वजनाचा. तुझं कार्ड घडीचं आहे, म्हणजे ते ३०० च्या आसपास असावं. ६०० ला नीट घडी पडत नाही.

पहिल्यांदा असा ठसा पाहिला तेव्हा मला राग आला होता. मग नातीने डोळे मिटून बोटाने अक्षरं चाचपली, आणि राग गेला.

वेलांटी

काका, शेवटची ओळ वाचून छान वाटलं.

माझं लग्न चार महिन्यांवर आलंय, म्हणून हा धागा अक्षर न् अक्षर वाचतेय. पत्रिका देवनागरीतच हवी, हे ठरलेलं आहे. पण पहिलं प्रूफ आलं तेव्हा रडू यायचं बाकी होतं. 'निमंत्रण'चं 'नमिंत्रण' झालेलं, रफार भलत्याच अक्षरावर, आणि जोडाक्षरांच्या जागी पाय मोडलेली अक्षरं. मी पाठवलेल्या फाइलमध्ये सगळं ठीक होतं!

जुना_कंपोझिटर

@वेलांटी, तू टाइप केलेला मजकूर पाठवलास आणि तो त्यांनी त्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी उच्चाराने नंतर येते आणि दिसते आधी. अक्षरं अशी मागे-पुढे करून नीट रचायचं काम सॉफ्टवेअरचं. ते काम त्यात चालू नसेल तर अशी दाणादाण होते. छपाईला देताना सगळा मजकूर आउटलाइनमध्ये बदलून पीडीएफ दे. मग ती अक्षरं राहत नाहीत, चित्र होतं, आणि चित्रातली वेलांटी पळत नाही. मूळ फाइल स्वतःजवळ जपून ठेव, कारण आउटलाइन केल्यावर चूक दुरुस्त करता येत नाही.

आणि प्रूफ मोठ्याने वाच. शक्यतो पत्रिका आजवर न पाहिलेल्या माणसाकडून वाचून घे. आपल्या घरातली नावं आपल्याला चुकीची असली तरी बरोबरच दिसतात.

पिंपळपान

वेलांटीच्याच पत्रिकेत वेलांटी पळाली!

वेलांटी

घरी सगळे हेच म्हणताहेत, पिंपळपान. 😄

मृदगंध_७

सगळ्यांचं कौतुक वाचलं, पण वेगळं मत मांडतो. एका निरोपासाठी जाड कार्ड, आत पान, अस्तर, पाकीट, टेबलावर चिठ्ठ्या, पाट्या... दुसऱ्या दिवशी यातलं किती कचऱ्यात गेलं असेल? फोनवर निरोप पाठवला तरी लोक येतात. फुलांचंही तेच. ती हिरव्या स्पंजात खोचतात, तो स्पंज कुजत नाही, चुरा होऊन मातीत आणि पाण्यात जातो. सौंदर्याला विरोध नाही, पण हा हिशेब मांडायला हवा असं मनापासून वाटतं.

गणितगोडी

हिशेब मांडायचा तर वजनाने मांडू. ए-झिरो कागद बरोबर एक चौरस मीटर असतो आणि पुढचा प्रत्येक आकार आधीच्याच्या निम्मा. म्हणून ए-फोर म्हणजे सोळावा भाग, ए-फाइव्ह बत्तिसावा. ३०० जीएसएमचं ए-फोर मधोमध घडी घालून ए-फाइव्ह केलं तर ३०० भागिले १६, म्हणजे पावणेएकोणीस ग्रॅम. आतलं पातळ पान त्याच आकाराचं, १२० चं धरलं तर साडेसात. सी-फाइव्ह पाकीट (१६२ × २२९ मिमी) अस्तरासकट पंधराच्या आसपास. एकूण चाळीसेक ग्रॅम.

टपालाने पाठवणाऱ्यांनी हे गणित छपाईआधी करावं. एक नमुना पूर्ण बांधून काट्यावर ठेवावा. चौकोनी पाकिटं, फुगीर गाठी, लाखेची मोहर यांना बऱ्याच देशांच्या टपालात जादा आकार पडतो, कारण ती यंत्रातून नीट सरकत नाहीत.

@मृदगंध, चाळीस ग्रॅम जास्त की कमी हे ज्याचं त्याने ठरवावं. माझ्या मते जास्त प्रश्न पत्रिकेचा नाही, एकदाच लागणाऱ्या पाट्यांचा आहे, त्यातही फोम आणि फ्लेक्सच्या.

टाचणी

@मृदगंध, स्पंजाबद्दल शंभर टक्के पटलं. तो १९५४ पासून वापरात आहे आणि प्लास्टिकचाच प्रकार आहे. मी चार वर्षांपूर्वी बंद केला. कोंबड्यांच्या खुराड्याची जाळी असते ना, ती चुरगाळून भांड्यात बसवते आणि देठ तिच्यात अडकवते. उथळ भांड्यात काट्यांची पितळी चकती ठेवते. दोन्ही वर्षानुवर्षं टिकतं. उलट फुलं थेट पाण्यात असल्यामुळे जास्त तरतरीत राहतात, आणि थोडी हलतात, ते मला फार आवडतं. स्पंजातली फुलं शिक्षा झाल्यासारखी ताठ उभी असतात.

पत्रिकेबाबत मात्र नाही पटलं. जास्वंदीने ती तीन आठवडे टेबलावर ठेवली आहे.

सावली

आईकडे तिच्या आणि मावशीच्या लग्नाच्या पत्रिका आहेत. त्या दोन कागदांशिवाय त्या दिवसांचं आमच्याकडे काही नाही. फोनवरचे निरोप मी दर वर्षी फोनबरोबर हरवते.

पण सौंदर्याच्या नादात वाचणाऱ्याला विसरू नका, ही माझी विनंती. आईला मोतीबिंदूची सुरुवात आहे. मागच्या एका लग्नात फिक्या गुलाबी कागदावर सोनेरी फॉइलने नाजूक अक्षरं होती. दिवा पडला की अक्षर चमकायचं आणि कागदात विरघळायचं. आईने पत्रिका तीन वेळा फिरवून बघितली आणि मला म्हणाली, "तूच वाच." तिला एकटीला वाचता आली असती तर तिला किती बरं वाटलं असतं!

वेबसाइटसाठी एक मोजमाप वापरतात. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणात किमान ४.५ ला १ एवढं अंतर. तपासायची साधनं फुकट मिळतात. कागदालाही तेच लावून पाहा. सोनेरी हवंच असेल तर चित्राला, नक्षीला वापरा. तारीख, वेळ, ठिकाण गडद शाईत.

बोरू

सावलीताईंशी पूर्ण सहमत. मी पाकिटांवर नावं लिहून देतो. रंगीत पाकिटावर लिहायचं असेल तर साधी शाई बुडते, म्हणून मी पोस्टरच्या जातीचा अपारदर्शक रंग, गुआश, पाण्यात पातळ करतो आणि डिंकाचे दोन थेंब घालतो. दुधाच्या सायीइतकी दाट ठेवायची. गडद पाकिटावरही अक्षर ठसठशीत येतं.

देवनागरी लिहायला टाकाचं टोक इंग्रजीच्या उलट्या बाजूने तिरकं कापतात. इंग्रजीचं टोक घेऊन देवनागरी लिहिली की जिथे जाड हवं तिथे बारीक येतं आणि अक्षर पाहुण्यासारखं अवघडून बसतं. पत्रिकेसाठी फॉन्ट निवडतानाही हे पाहा. काही फॉन्टमध्ये देवनागरी इंग्रजीच्या अंगाने घडवलेली असते, आणि का ते कळलं नाही तरी डोळ्याला खटकते.

तिरंदाज

स्क्रीनवर झकास राणी आणि पोपटी दिसतो आणि छापून आला की विटलेला. आमच्या नावाच्या चिठ्ठ्यांचं असंच झालं. का?

जुना_कंपोझिटर

@तिरंदाज, स्क्रीन प्रकाशाने रंग दाखवते, कागद शाईने. छपाईत निळसर, किरमिजी, पिवळी आणि काळी अशा चार शाया असतात. त्यांच्या मिश्रणातून झगझगीत नारिंगी, पोपटी, भडक राणी निघतच नाही. तो रंग हवाच असेल तर आधीच मिसळून तयार केलेली स्वतंत्र शाई घ्यायची. त्यासाठी क्रमांकांची पद्धत आहे, पँटोनची, १९६३ पासूनची. क्रमांक सांगितला की जगात कुठेही तोच रंग मिळतो. फक्त क्रमांकापुढचं अक्षर बघ, सी की यू. सी म्हणजे चकचकीत कागद, यू म्हणजे साधा. साधा कागद शाई पितो, म्हणून तीच शाई त्यावर मंद दिसते.

नाहीतर जास्वंदीच्या मैत्रिणीने केलं तसं. झगझगीत रंग छापायचाच नाही, रंगीतच कागद आणायचा.

चकोर

उशिरा आलो, पण एक बोलतोच. मला लाल आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. जन्मापासून. हा दोष एक्स गुणसूत्रावरून येतो, म्हणून पुरुषांमध्ये बराच जास्त दिसतो. दोनशे पाहुणे असतील तर माझ्यासारखे काही जण असणारच.

टेबलांना आकड्यांऐवजी रंग! नारिंगी आणि पोपटी माझ्यासाठी सख्खे भाऊ आहेत. जांभळा आणि निळा जुळे. मी त्या पाटीसमोर रिबीन बघत उभा राहिलो असतो आणि शेवटी कुणाला तरी विचारलं असतं. विचारायची लाज नाही वाटत, पण प्रत्येक वेळी विचारावं लागलं की थकायला होतं. जास्वंदी, टेबलावर रंगाचं नाव लिहिलेलं होतं का?

जास्वंदी

@चकोर, फोटो पुन्हा पाहिले. नव्हतं. फक्त रंगीत कागद. तुम्ही लिहीपर्यंत माझ्या मनातही आलं नव्हतं. आज मैत्रिणीला फोन करते, तिला विचारायच्या गोष्टी आता बऱ्याच साठल्या आहेत.

टाचणी

मीही रंगांची टेबलं केली आहेत. नाव कधी लिहिलं नाही. चकोर, धन्यवाद, पुढच्या कामापासून लिहीन.

कापूसकोंडी

छतावरच्या कागदी फुलांबद्दल कुणी बोललंच नाही! मी क्रेप कागदाची फुलं करते. सुरकुत्यांचा कागद एकाच दिशेला ताणतो, त्यामुळे पाकळी कापताना सुरकुत्या उभ्या यायला हव्यात. मग दोन्ही अंगठ्यांनी मधोमध हलकेच आडवं ताणलं की पाकळीला वाटीसारखा खोलगटपणा येतो. आडवी कापली तर कितीही ताणा, पाकळी चपटीच. कडेला नखाने जरा जरा ओढलं की लाट येते. पाणी मात्र लागू देऊ नका, रंग सुटतो आणि खालच्या दुधाळ कापडाची वाट लागते. उन्हातल्या खिडकीत ठेवलीत तर काही आठवड्यांत विटतात.

पिंपळपान

आत्ताच एक पाकळी केली. चपटी आली. कागद फिरवून परत केली. आली वाटी!

जास्वंदी

मैत्रिणीशी तासभर बोलले. आता सांगते.

तिच्या आजीचा भरतकामाचा डबा होता. गोल, पत्र्याचा. आजी गेल्यावर तो हिच्याकडे आला. आत दोऱ्याच्या लडी, पण लडी तशाच ठेवायच्या नाहीत, गुंता होतो, म्हणून आजीने पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यांवर एकेक रंग गुंडाळून ठेवला होता. खोक्यांचाच पुठ्ठा, दुधाळ झालेला. प्रत्येक तुकड्याचं वरचं आणि खालचं टोक मोकळं आणि मधे रंगाचा पट्टा. सात रंग उरले होते. तेच सात.

ते तुकडे ओळीने टेबलावर मांडले आणि हॉल सजवणाऱ्यांना सांगितलं, असं दिसायला हवं. टाचणीताई, तो आठवा रंग आजीच्या पुठ्ठ्याचा आहे!

पत्रिका शिवायला आजीचेच दोरे वापरले. सगळ्यांना हळदी दोरा नव्हता. कुणाला पोपटी गेला, कुणाला जांभळा, जितका पुरला तितका. भरतकामाचा दोरा सहा पदरी असतो, त्यातले तीन पदर सुटे करून घेतले, म्हणून इतका लांबला. तरी नारिंगी अर्ध्यावर संपला. मग नारिंगी पत्रिकेत यायला हवा म्हणून तिने कडा रंगवल्या. पत्रिका एकावर एक रचून, दोन फळ्यांमध्ये घट्ट आवळून, स्पंजाने. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट दोरा संपल्यामुळे झाली!

चकोर, तुमचंही सांगितलं. ती एकदम गप्प झाली. म्हणाली, तिचे एक काका दारातल्या पाटीसमोर बराच वेळ उभे होते, तिला वाटलं ते पाटी निरखताहेत.

चकोर

कदाचित निरखतही असतील. पाटी खरंच छान असणार.

दोऱ्याच्या लडींना कागदी पट्टी असते आणि तिच्यावर रंगाचा क्रमांक. माझी आई भरतकाम करायची. मी लहान असताना ती मला "हिरवा दे" कधीच म्हणायची नाही, क्रमांक सांगायची. मला वाटायचं सगळ्यांच्याच घरी क्रमांक सांगतात. टेबलाच्या पाटीवर रंगाखाली त्या दोऱ्याचा क्रमांक लिहिला असता तर किती शोभला असता!

बोरू

चकोर, हे मी चोरणार आहे.

कापूसकोंडी

दोऱ्यावरून आठवलं. पॅरिसच्या गोबेलँ कारखान्यात गालिचे, पडद्यांची चित्रं विणत. तिथे रंगाई खात्यावर शेव्हरल नावाचा रसायनशास्त्रज्ञ होता. तक्रार आली की काळा दोरा फिका पडतो, रंगाईत खोट आहे. त्याने तपासलं तर रंगाई ठीक होती. काळ्याच्या शेजारी निळा आणि जांभळा विणल्यामुळे काळा मेलेला दिसत होता. शेजारी कोण आहे यावर रंग कसा दिसतो ते ठरतं, हे त्याने १८३९ साली पुस्तकात सविस्तर मांडलं. आजीने प्रत्येक दोऱ्याच्या शेजारी पुठ्ठा ठेवला, म्हणून सातही रंग जसे आहेत तसे दिसले.

मृदगंध_७

आजीचा दोरा संपेपर्यंत वापरला, हे वाचून माझा हिशेब जरा बदलला. पाट्यांबद्दलचं मत तेच आहे.

वेलांटी

जास्वंदीताई, मला ते टाके शिकवशील का? काल रात्री नमुना करायला बसले. तीन भोकं पाडली, पण घडी घालतानाच कार्डाला भेगा पडल्या, पांढरे तंतू बाहेर आले.

जास्वंदी

मैत्रिणीने सांगितलं तसं सांगते. दोरा घडीच्या लांबीच्या तिप्पट. बाहेरून मधल्या भोकातून आत, वरच्या भोकातून बाहेर, तिथून थेट खालच्या भोकात आत, मग मधल्यातून बाहेर. दोरा बाहेर येताना लांब टाका दोन टोकांच्या मध्ये पकडायचा आणि त्यावर गाठ मारायची. दोरा आधी मेणावरून एकदा ओढून घे, गाठ सरकत नाही. भेगांचं मला माहीत नाही, काकांना विचार.

जुना_कंपोझिटर

कागदाला कल असतो, लाकडाला असतो तसा. कार्ड हातात धरून न मोडता हलकेच वाकव, एकदा उभं, एकदा आडवं. ज्या बाजूने सहज वाकेल, घडी त्याच बाजूची हवी. तू कलाच्या आडवी घडी घालतेस. कागद काटकोनात फिरवून काप. घडीआधी बोथट वस्तूने पट्टी धरून खाच पाड, आमच्याकडे त्याला क्रीझिंग म्हणतात. भोकं सुईने नको, टोच्याने पाड, खाली जुनं मासिक ठेव.

वेलांटी

फिरवला. खाच पाडली. भेग नाही! आईच्या डब्यात किरमिजी दोरा सापडला, पहिली गाठ मारली आहे. आता उजाडू दे, कडा रंगवून बघते.

पिंपळपान

फोटो. तिरका.